घाण्यामागे पळीभर तेल

चाळीसगावहून सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगरकुशीत पाटणादेवीचे स्थान आहे. नवरात्रात येथे माणसांची रीघ लागते. खान्देशातील असंख्य घराण्यांची ही कुलदेवता. माहेरवाशिणी ओटी भरतात, नवविवाहित जोडपी जोडीने दर्शनाला येतात, पावसाळ्यात तरुण मंडळी धवलतीर्थाचा धबधबा पाहून परततात. देवीपुढे मस्तक टेकवणाऱ्या या हजारो भाविकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की याच मंदिरात एक शिलालेख आहे आणि भारतीय गणिताच्या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाचा पुरावा त्या दगडावर कोरलेला आहे.

खान्देशाविषयी उर्वरित महाराष्ट्राची एक ठरीव समजूत आहे. केळीच्या बागा, कापसाचे ढीग, जळगावचा सराफ बाजार, भरीत-भाकरी आणि वैशाखातले अंग भाजून काढणारे ऊन एवढ्यात हा प्रदेश संपतो. इतिहास घडला तो पुण्यात, साताऱ्यात, रायगडावर. खान्देशाने फार तर तो वाटेत जाताना पाहिला, असे मानले जाते. दुःखाची बाब ही, की खान्देशातील सुशिक्षित माणूसही हेच मानू लागला आहे. मुलाला घेऊन तो अजिंठ्याला जातो, वेरूळला जातो. पण वाघळी, बहाळ, बळसाणे, प्रकाशे ही नावे त्याच्या लेखी केवळ एस.टी.च्या पाटीवरची गावे असतात. ज्या भूमीला स्वतःचे पूर्वचरित्र माहीत नसते, तिला कोणीही काहीही सांगावे आणि तिने ते खरे मानावे, अशी अवस्था होते. पाटणच्या त्या दगडाचे महत्त्व म्हणूनच केवळ पुराणवस्तू एवढेच नाही.

शहामृगाचे अंडे आणि गिरणेचा काठ

या भूमीच्या प्राचीनतेचा पहिला धागाही पाटणेच्याच परिसरात सापडतो. १९७२-७३ साली पुरातत्त्वज्ञ शां. अ. साळी यांनी पाटणे येथे उत्खनन केले. दगडी हत्यारांच्या थरांमध्ये त्यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. कवचाचा एक तुकडा तर विलक्षण होता. त्यावर समांतर रेषा आखून त्यांच्यामध्ये एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा कोरलेल्या होत्या. कार्बन मापनानुसार त्याचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा ठरतो. आज शहामृग केवळ आफ्रिकेच्या रुक्ष माळरानांवर आढळतो. तो एकेकाळी सातमाळ्याच्या पायथ्याशी वावरत होता, याचा अर्थ त्या वेळी येथील हवामान कोरडे आणि प्रदेश खुरट्या गवताळ रानाचा होता. अशा रखरखीत भूमीत, पोटाची भ्रांत असताना, कोणीतरी हाती गारगोटी घेऊन त्या नाजूक कवचावर रेघा ओढल्या. भारतातील कलेच्या अतिप्राचीन खुणांमध्ये पाटणेच्या या तुकड्याची गणना होते.

त्यानंतरचा अध्याय नद्यांच्या काठी लिहिला गेला. गिरणेकाठच्या बहाळ येथे आणि पलीकडच्या टेकवाडे येथे मधुसूदन नरहर देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० च्या दशकात उत्खनन झाले. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी १९५४-५५ साली उत्खनन केले. प्रकाशे आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला. या सर्व ठिकाणी ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक आढळले. रंगीत मडक्यांच्या एका विशिष्ट परंपरेला तर तापीखोऱ्यातील सावळदे या गावाचेच नाव मिळाले आहे. देशोदेशीचे पुरातत्त्वज्ञ ज्याला ‘सावळदा संस्कृती’ म्हणतात, ते नाव खान्देशी मातीतले आहे, हे खान्देशातील किती शाळांमध्ये सांगितले जाते?

सातमाळ्याच्या कड्यात, पाटणच्या अगदी शेजारी, पितळखोऱ्याची लेणी आहेत. जिल्ह्याच्या सीमारेषेने ती आज पलीकडे गेली असली तरी डोंगर एकच आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरल्या गेलेल्या या लेण्यांतील लेखांमध्ये प्रतिष्ठानच्या म्हणजे पैठणच्या एका गांधिकाचे, सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान नोंदलेले आहे. येथे सापडलेल्या हसऱ्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्याचे नाव आहे. तो कान्हदास नावाचा सोनार होता. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका सोनाराने दगडात आपले नाव कोरावे आणि समाजाने ते आदराने राहू द्यावे, ही घटना लहान नव्हे. त्या वेळी दान देणारे हात केवळ राजांचे नव्हते आणि मूर्ती घडवणारे हातही निनावी नव्हते.

नावाचा वाद आणि नावामागचा काळ

‘खान्देश’ या नावाची चर्चा निघाली की वाद हमखास सुरू होतो. गुजरातच्या सुलतानाने फारुकी राज्यकर्त्याला ‘खान’ हा किताब दिला आणि त्यावरून हे नाव पडले, असे फिरिश्ता सांगतो. दुसरीकडे कान्हदेश, कृष्णाचा देश, अशी व्युत्पत्ती मांडली जाते. यादवांच्या काळात नाशिकपासून देवगिरीपर्यंतच्या भूभागाला सेऊणदेश हे नाव होते. अकबराने १६०१ साली असीरगड घेतल्यावर शहजादा दानियालच्या नावावरून या सुभ्याचे नाव ‘दानदेश’ ठेवले. ते नाव फर्मानात राहिले, लोकांच्या तोंडी रुजले नाही.

व्युत्पत्तीचा हा वाद भाषाशास्त्रज्ञांनी सोडवावा. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. मलिक राजा फारुकीने थाळनेर येथे आपली सत्ता स्थापन केली ती चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात. खान्देशाचा इतिहास तेथून सुरू होत नाही. तेथे त्याचे आणखी एक पान उलटते, इतकेच. थाळनेरच्या त्या सुबक कबरीही आज या भूमीच्या वारशाचा भाग आहेत आणि त्यांचीही निगा राखली पाहिजे. पण त्यांच्याआधी हजार वर्षे आभीरांचे राज्य या परिसरात होते. नाशिकच्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाचा लेख आहे आणि अहिराणी बोलीचे नाव याच आभीरांशी जोडले जाते. चाळीसगावजवळच्या वाघळी येथील शके ९९१ म्हणजे इ. स. १०६९ च्या लेखात सेऊणचंद्र यादवाचा मांडलिक असलेल्या मौर्य कुळातील गोविंदराजाचा उल्लेख येतो. अकराव्या शतकात खान्देशात मौर्य नावाचे घराणे नांदत होते, ही माहितीच अनेकांना चकित करील.

पाटणला राज्य होते निकुंभ घराण्याचे. देवगिरीच्या यादवांचे हे सामंत. शके १०७५ म्हणजे इ. स. ११५३ च्या लेखावरून कळते, की निकुंभ इंद्रराजाने आरंभलेले महादेवाचे मंदिर त्याच्या पश्चात पुत्र गोवन याच्या काळात पूर्ण झाले. तेच ते पाटणचे देखणे महेश्वर मंदिर. या निकुंभांच्याच छत्राखाली शके ११२८ च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२०७ मध्ये, तो दुसरा शिलालेख कोरला गेला, ज्याने पाटणचे नाव जगाच्या ज्ञानेतिहासात नेऊन ठेवले.

एका मठाची कागदपत्रे

हा लेख प्रथम विद्वानांच्या नजरेस आणला तो मुंबईचे विख्यात वैद्य आणि संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. १८६५ साली त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अनेक वर्षे संस्कृत शिकवलेल्या कीलहॉर्न या जर्मन पंडिताने त्याचे काटेकोर संपादन केले.

लेखात भास्कराचार्यांच्या शांडिल्य गोत्री घराण्याची वंशावळ दिली आहे. त्रिविक्रम कवीपासून ती सुरू होते. त्याचा पुत्र भास्करभट्ट. त्याला भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिली होती. त्यानंतर गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर. या महेश्वराचे पुत्र म्हणजे ‘सिद्धान्तशिरोमणी’चे कर्ते भास्कराचार्य. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर. यांना यादव राजा जैत्रपालाने पाटणहून आपल्या दरबारी नेऊन विद्वानांचे प्रमुखपद दिले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघणराजाचे मुख्य ज्योतिषी होते. (तापी-पूर्णा संगमावर ज्यांचे मंदिर आहे ते योगी चांगदेव वेगळे, नामसाम्याने पुष्कळदा गल्लत होते.) या चांगदेवांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे, विशेषतः ‘सिद्धान्तशिरोमणी’चे, अध्ययन-अध्यापन अखंड चालावे म्हणून पाटण येथे मठ स्थापन केला. निकुंभ सोईदेवाने चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्या मठाला दान दिले. सोईदेवामागून गादीवर आलेल्या त्याच्या धाकट्या भावाने, हेमाडीदेवाने, ते पुढे चालवले. गणिताच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या संस्थेचा असा समकालीन, दगडावरचा दाखला फार दुर्मीळ आहे.

मात्र या लेखाचा सर्वांत हृद्य भाग शेवटी आहे. संस्कृत श्लोक संपतात आणि कोरक्याची छिन्नी अचानक मराठीत बोलू लागते. ज्ञानेश्वरी रचली जाण्याच्या सुमारे ८० वर्षे आधीची ही मराठी. तिच्यात हिशेब आहे. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला आहे. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना जो हक्काचा वाटा मिळत असे, तो ब्राह्मणांनी मठासाठी सोडला आहे. नगराने ग्राहकामागे दामाचा विसोवा, म्हणजे विसावा हिस्सा, देऊ केला आहे. आणि तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळी-पळी तेल मठाला द्यावयाचे आहे.

हा तपशील क्षणभर थांबून वाचावा असा आहे. ग्रहगणित, बीजगणित, गोलाध्याय ज्या मठात शिकवले जाणार, त्या मठातल्या दिव्याचे तेल घाण्यावरून येणार होते. घाण्याचा बैल हाकणाऱ्या तेल्याला चक्रवाल पद्धती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बाजारात मीठ-मसाला घेणाऱ्या बाईने ‘लीलावती’ उघडून पाहिली नसेल. तरीही त्या विद्येत दोघांचा वाटा होता. राजाने कर सोडला, ब्राह्मणाने हक्क सोडला, पेठेने विसोवा सोडला, घाण्याने पळीभर तेल सोडले. विद्या ही कोण्या एकाची मिरासदारी मानली असती, तर तिचा खर्च एकानेच उचलला असता. येथे गावाने तो वाटून घेतला आणि वाटून घेतल्याची नोंद गावाच्या भाषेत केली, म्हणजे पुढे कोणी ‘आम्हांला कळले नाही’ असे म्हणू नये.

भास्कराचार्यांच्या घराण्याचा या परिसराशी असलेला संबंध पाटणपुरताच राहिला नाही. त्यांच्या भावाच्या वंशातील अनंतदेव हेही सिंघणराजाचे ज्योतिषी. शके ११४४ म्हणजे इ. स. १२२२ च्या वर्षारंभी त्यांनी बहाळ येथे देवीचे मंदिर बांधल्याचा लेख उपलब्ध आहे. ज्या बहाळच्या मातीखाली ताम्रपाषाण युगातील मडकी निघाली, त्याच बहाळात एका खगोलविदाने देऊळ उभारले. सातत्य म्हणतात ते याला.

अभिमान किती आणि कशाचा?

अभिमानाच्या भरात सत्याला फोडणी देण्याचा मोह हा या विषयातील मोठा धोका आहे. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक १०३६, म्हणजे इ. स. १११४, स्वतःच सांगितला आहे. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने असलेले विज्जडविड असल्याचेही त्यांनी नोंदवले आहे. हे गाव नेमके कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पाटणचा पक्ष घेणारे अभ्यासक आहेत, तसेच विजापूरचा पक्ष घेणारेही आहेत. खान्देशी माणसाने या वादात आवाज चढवण्याची काहीच गरज नाही. जन्म कोठेही झालेला असो. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन पुढच्या पिढ्यांत चालावे म्हणून मठ कोठे निघाला, याबद्दल दगड निःसंदिग्धपणे बोलतो. जन्म हा योगायोग असतो. मठ हा संकल्प असतो.

‘लीलावती’ या नावाभोवती विणली गेलेली, विवाहमुहूर्त चुकलेल्या कन्येची कथाही अशीच. ती प्रथम आढळते १५८७ साली फैजीने केलेल्या फारसी अनुवादात, मूळ ग्रंथात नाही. कथा गोड आहे, सांगावी; पण कथा म्हणून सांगावी. भास्कराचार्यांचे मोठेपण तिच्यावर अवलंबून नाही. एका वर्गसंख्येला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग मिळावा, अशी सर्वांत लहान संख्या कोणती, हा प्रश्न फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ साली युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त त्याचे उत्तर पाचशे वर्षे आधीच दिलेले आहे: २२,६१,५३,९८०. ज्याला पडताळून पाहायचे असेल त्याने कागद-पेन्सिल घेऊन बसावे. या एका संख्येत जी ताकद आहे, ती शंभर घोषणांत नाही.

आणि स्वतः भास्कराचार्य काय म्हणतात? ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांचे बीजगणित फार विस्तृत असल्याने त्यांचे सार आपण काढले, असे ते ग्रंथाच्या अखेरीस नम्रपणे नमूद करतात. पूर्वसूरींचे ऋण मान्य करणारा हा विनय ही खरी भारतीय ज्ञानपरंपरा होय. ‘सगळे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणून पुस्तक मिटवणारी वृत्ती त्या परंपरेत बसत नाही. तेथे पुस्तक उघडले जात होते, त्यावर भाष्ये लिहिली जात होती, चुका दाखवल्या जात होत्या. मठ कशासाठी होता? आरती ओवाळण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी.

जीर्णोद्धार की विध्वंस?

हा वारसा आज कोणत्या अवस्थेत आहे? महत्त्वाची काही मंदिरे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. पण संपूर्ण देशात या खात्याकडे असलेल्या स्मारकांची संख्या सुमारे ३,७०० आहे. भारतातील खेड्यांची संख्या सहा लाखांच्या घरात आहे. हे गणित करायला भास्कराचार्य लागत नाहीत. बहुतेक गावांतील वीरगळ, सतीशिळा, भग्न मूर्ती, जुन्या बारवा, मंदिराच्या चौकटीवरील दोन ओळींचे लेख यांना कोणतेही सरकारी संरक्षण नाही आणि ते सर्वांना मिळणे शक्यही नाही. त्यांचा सांभाळ होईल तो गावाकडून; नाश होईल तोही गावाकडूनच.

आणि नाश होतो आहे. तो करणारे हात नेहमी शत्रूचे नसतात, हे कटू सत्य आता मान्य केले पाहिजे. बहुतांश वेळा हे हात भक्तांचे असतात. गावात वर्गणी जमते, जीर्णोद्धाराचा संकल्प सुटतो, उत्साहाला उधाण येते. काळ्या पाषाणावर तैलरंगाचे थर चढतात. कोरीव खांब चकचकीत फरशीत लपतात. शिखरावर सिमेंट लिंपले जाते. शेकडो वर्षांचा वीरगळ उचलून पाराच्या बांधकामात उलटा बसवला जातो. लेख असलेली शिळा ‘खडबडीत दिसते’ म्हणून घासून गुळगुळीत केली जाते. परकीय आक्रमणांतून जे वाचले ते वर्गणीतून गेले, असे म्हणण्याची वेळ अनेक गावांवर आली आहे. श्रद्धेत खोट नाही. पण श्रद्धेला दृष्टीची जोड नसेल तर ती आपल्याच पूर्वजांची सही पुसून टाकते.

‘इतिहासाने पोट भरते का?’ हा प्रश्न खान्देशात अनेकदा ऐकू येतो. कापसाला भाव नाही, पाण्याची पातळी खोल गेली, तरुण पुण्या-मुंबईकडे चालले. अशा वेळी जुन्या दगडांचे कौतुक कोणाला? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला कुत्सित उत्तर देऊ नये. पण पाटणच्या पेठेतही पर्जन्यछायेतलाच पाऊस पडत होता. तेथील तेली, वाणी, शेतकरी श्रीमंतीत लोळत होते असे मानण्यास आधार नाही. त्यांनी पोट भरल्यावर उरलेले दिले नाही. पोट भरतानाच पळीभर बाजूला काढले. समाजाची उंची ठरते ती त्या पळीने.

खान्देशाला अशी माणसे अलीकडच्या काळातही लाभली. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून फिरून मिळवली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याची अखेर धुळ्यातच केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते गेले आणि दहा दिवसांच्या आत, ९ जानेवारी १९२७ रोजी, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना केली. शोकसभा घेऊन ते थांबले नाहीत. कागद जपण्याची व्यवस्था केली. पाटणच्या मठाचाच तो विसाव्या शतकातील अवतार म्हटला पाहिजे.

काय करता येईल?

त्याच वाटेने चालायचे तर फार मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. प्रत्येक तालुक्यात पाच-सात जिज्ञासू माणसे एकत्र आली तरी पुरे. आपल्या पंचक्रोशीतील प्रत्येक वीरगळ, लेख, बारव यांचे छायाचित्र, मोजमाप आणि नेमके स्थान एका वहीत नोंदवावे. लेख आढळला तर तो खरवडू नये, त्याला शेंदूर लावू नये, जाणकाराला बोलवावे. मंदिराच्या जीर्णोद्धाराचा ठराव करण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याचा सल्ला घेण्याचा शिरस्ता पाडावा. शेतात नांगरताना नाणी वा मूर्ती मिळाल्या तर त्या जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार बंधनकारक आहे, ही माहिती ग्रामसभेत द्यावी. घरातील माळ्यावर वाळवी खात असलेली पोथीची दप्तरे संशोधन संस्थेकडे सोपवावीत, निदान त्यांची प्रतिमा काढू द्यावी. हस्तलिखितांच्या जतनासाठी केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ अभियान जाहीर केले असून एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण हे त्याचे उद्दिष्ट आहे. पण दिल्लीचे अभियान धरणगावच्या माळ्यावर आपोआप चढत नाही. शिडी घरच्यांनीच लावावी लागते.

शाळांची जबाबदारी त्याहून मोठी आहे. पाटणादेवीची सहल म्हणजे डबा खाऊन परतणे नव्हे. मुलांना महेश्वर मंदिरासमोर बसवून ‘लीलावती’तल्या धर्तीवरचे एखादे गणित सोडवायला द्यावे, शिलालेखाचा मराठी भाग सोप्या मराठीत समजावून सांगावा. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या एका कष्टकरी स्त्रीच्या प्रतिभेचा हा सन्मान उचितच आहे. त्या विद्यापीठाच्या परिसरात पाटणच्या शिलालेखाची हुबेहूब प्रतिकृती आणि त्याखाली आजच्या मराठीतला अर्थ असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. घाण्याचे तेल आणि ग्रहांचे गणित यांना एकत्र बांधणारा लेख बहिणाबाईंच्या नावाच्या प्रांगणात शोभूनच दिसेल.

पाटणचा मठ आज नाही. तो केव्हा ओस पडला, शेवटचा विद्यार्थी कोण होता, याची नोंद कोणत्याही दगडावर नाही. यादवांचे राज्य गेले, पेठ विस्कटली, घाणे थांबले आणि दिवा विझला असेल. ग्रंथ मात्र जगले, कारण देशभर कोणी ना कोणी त्यांची नक्कल करत राहिले, टीका लिहीत राहिले, शिकवत राहिले. वारसा टिकतो तो असा: रोज थोडा, अनेकांच्या हातून.

अकबराचा ‘दानदेश’ लोकांच्या जिभेवर रुजला नाही, हे खरे. पण शहजाद्याच्या नावाने नव्हे, तर पाटणच्या त्या अनाम तेल्याच्या, वाण्याच्या, ग्राहकाच्या दानाने हा प्रदेश खरोखरच दानदेश होता. येत्या नवरात्रात ओटी भरून झाल्यावर खान्देशातील कुटुंबांनी त्या शिलालेखापुढे दोन मिनिटे थांबावे. हात जोडावेत आणि मग घरी परतून स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या मठाच्या दिव्यात आपल्या घरची पळी कोणती?